नवे घर आणि जुन्या सवयी
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त इंदूर येथे दिलेले भाषण)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथालयाचे गुणगान व्हावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आरंभी एक कबुली देणार आहे. राजवाड्यामागच्या वाड्यात आमचे बिऱ्हाड होते, तोवर दर दोन-तीन दिवसांनी मी येथे पुस्तक बदलण्यास येत असे. पुढे विजयनगरच्या बाजूला आम्ही नवे घर घेतले आणि येथून नेलेले एक पुस्तक वर्षभर खोक्यातून बाहेरच निघाले नाही. वाचनाची आवड आटली होती काय? मुळीच नाही. कचेरीतून परतताना ग्रंथालयाची पायरी वाटेत लागत असे. नव्या वाटेवर ती लागेनाशी झाली, इतकेच. जिला मी माझी आवड समजत होतो, ती निम्मी त्या रस्त्याची देणगी होती.

आईच्या बाबतीत हे अधिक जिव्हारी लागले. वाड्यात असताना ती सकाळी तुळशीला पाणी घालून गोपाळ मंदिरात जाई. चालणे, दर्शन आणि चार माणसांशी बोलणे, तिन्ही गोष्टी एका फेरीत साधत. नव्या घरी, चौथ्या मजल्यावर, तिला कोणी काही बंद करावयास सांगितले नव्हते. तरी थोड्याच महिन्यांत तिचे चालणे थांबले, गुडघे आखडले आणि बोलणेही उणावले. घर बदलताना आपण भांडी मोजून नेतो. सवयी मोजत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा अभ्यास केला आहे. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांचे व्यायाम, वृत्तपत्रवाचन आणि दूरचित्रवाणी पाहणे तपासले. नव्या ठिकाणीही भोवतालची परिस्थिती पहिल्यासारखीच राहिली, तेथे सवय टिकली. ती बदलली, तेथे सवयीची पकड सैल झाली. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर आशादायक आहे. इंग्लंडमधील पीटरबरो येथे 800 जणांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पर्यावरणाला हितकर अशा सवयींचा उपदेश नुकतेच घर बदललेल्यांना अधिक लागू पडला. आणि ही संधी सुमारे तीन महिनेच टिकते, असे आढळले. नव्या घरातले पहिले तीन महिने म्हणजे ओली माती होय. तिला आकार दिला नाही, तरी ती कोणत्या ना कोणत्या आकारात वाळणारच.

याचा दाखला आपल्या शहरातच आहे. प्लेगच्या काळात, 1917 च्या दिवाळीत, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी येथे एक मिरवणूक योजिली. तिचा मार्ग रूढीने ठरणार नव्हता. ज्या वस्तीने घरे-अंगणे उत्तम साफ केली, तेथून ती जाणार होती. लोक उत्साहाने कामाला लागले. उत्सवाने आरंभ होतो; पण सवय टिकवावयास रोजची रहाटी लागते. ती शंभर वर्षांनी आली. चौकातल्या कचरापेट्या हलल्या, गाडी रोज दाराशी येऊ लागली, ओला-सुका वेगळा केल्याशिवाय चालेना. स्वच्छ सर्वेक्षणात 2016 साली पंचविसावे असलेले इंदूर 2017 साली पहिले आले. इंदूरकरांचा स्वभाव एका वर्षात बदलला नव्हता. कचरा टाकण्याची जागा आणि वेळ बदलली होती.

आम्हीही घरात तेच केले. तुळशीचे वृंदावन सज्जातून काढून इमारतीच्या खालच्या बागेत नेऊन ठेवले. आईला पाणी घालण्यास खाली उतरणे भाग पडले. आठवडाभर ती रागावली. पुढे तेथे आणखी दोघी-तिघी येऊ लागल्या, आणि आता तिला वर बोलवावयास मलाच जावे लागते. मी पुस्तक खोक्यातून काढून सकाळच्या चहाच्या मेजावर ठेवले. शनिवारी मारोठिया बाजारात वाणसामान आणावयास जावेच लागते. त्याच फेरीला ग्रंथालय जोडून दिले. मध्यंतरी एखादा शनिवार चुकला, तर त्याचे दुःख केले नाही. लंडनमधील एका अभ्यासात सवय अंगवळणी पडावयास कोणाला 18 दिवस लागले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले.

म्हणून नव्या घरी जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. सामान बांधण्याआधी जुन्या घराने आपल्याला कोणत्या चांगल्या सवयी फुकट दिल्या होत्या, त्यांची यादी करा. मग प्रत्येकीला नव्या घरात एक जागा द्या आणि रोज घडणाऱ्या एखाद्या कामाशी तिची गाठ मारा. निश्चय त्यानंतर करा.

आणि ग्रंथालयाला एक विनंती. गावठाणातले सभासद दूरच्या वसाहतींत गेले, वाचन संपले, अशी खंत येथे वारंवार ऐकू येते. सभासदाने पत्ता बदलल्याचे कळवले, की त्याच आठवड्यात एक पुस्तक त्याच्या नव्या दारी पोहोचवावे. वर्षाने पाठवलेले स्मरणपत्र वाळलेल्या मातीवर पडते. मला तसे पुस्तक कोणी आणून दिले असते, तर आज ही कबुली द्यावी लागली नसती.