पाड्यावरून पदव्युत्तर वर्गापर्यंत : स्वागताध्यक्षीय भाषण



शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या वतीने तुमचं मनापासून स्वागत. कुणी कसारा लोकलने आसनगावला उतरून आलात, कुणी कल्याणहून एसटीने, तर कुणी माळशेज घाट उतरून. शासनात किंवा स्वयंसेवी संस्थेत राहून लोकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींचं पदव्युत्तर शिक्षण कसं असावं, हा आपल्या दोन दिवसांचा विषय. या विषयावर बोलायला माणसं एरवी मुंबईत नाहीतर पुण्यात जमतात. ती इथे जमावीत असा आम्ही हट्ट धरला, त्याचं कारण आधी सांगतो.

मुंबईला समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली नागपाड्यात निघालं. क्लिफर्ड मॅन्सहार्ट त्याचे पहिले संचालक. आज आपण त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो. पुढे १९५५ साली निर्मला निकेतन आलं, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली, आणि १९८५ साली आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र सुरू झालं, ज्याला सगळे 'सितारा' म्हणतात. मुंबईला लागून असलेला आदिवासी मुलूख म्हणजे आमचाच ठाणे जिल्हा. त्यामुळे अभ्यासाला येणारे विद्यार्थी आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो. ते आमच्या ओट्यांवर बसले, प्रश्नावल्या भरून घेतल्या, प्रबंध लिहिले. त्यातले काही इथेच राहिले आणि आमचे झाले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण इतक्या काळात प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी आमच्या पाड्यावरचं लेकरू क्वचितच बसलं. उत्तरं देण्याचं काम तेवढं आमच्याकडे राहिलं. ही वाटणी बदलावी, एवढं एकच मागणं घेऊन मी तुमच्यापुढे उभा आहे.

हे मागणं केवळ मानाचं नाही. त्यात कामाचा प्रश्न आहे. पाण्याचंच घ्या. तानसा धरण १८९२ सालचं, ते शहापूर तालुक्यात आहे. भातसाही इथेच, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तरीही एप्रिल उजाडला की कसारा-डोळखांबकडच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण खाली काळा पाषाण. त्यात पाणी मुरायला जागा थोडी, उतार मोठा, म्हणून पडलेलं पाणी वाहून जातं. जिच्यावर नळ योजना बेतली, ती विहीर पाऊस संपताना भरलेली दिसते आणि होळीपर्यंत तळ गाठते. पुढे पंप बिघडतो, वीजबिल थकतं, पाणीपट्टी कुणी भरत नाही, कारण नळाला पाणीच नसतं. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला भूजल कळायला हवं, अंदाजपत्रक वाचता यायला हवं, ग्रामपंचायतीचा जमाखर्च तपासता यायला हवा आणि पाणी समितीतल्या बाईला बैठकीत बोलतं करता यायला हवं. एका माणसात हे सगळं एकत्र यायचं, तर त्याला चांगलं, उच्च शिक्षण लागतं. नुसती तळमळ पुरत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. 'सितारा'ने २००७ पासून तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. सुरू केलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी कर्जत, शहापूर, मोखाड्याच्या पाण्याचा अभ्यास केला, गावागावांत जाऊन विहिरी मोजल्या. राज्य सरकारने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान आणलं, त्याची कल्पनाही हीच की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्यातलेच प्रश्न अभ्यासावेत. मला ती कल्पना फार मोलाची वाटते. शहापूरचं सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि शिवळ्याचं घोलप महाविद्यालय हे काम का करू शकणार नाहीत?

शिकलेल्या माणसाने पदवी घेऊन या डोंगरांत यावं, ही रीत इथे जुनी आहे. भाई कोतवाल माथेरानचे, घर गरिबाचं. ते कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. त्यांनी कर्जतच्या खेड्यांत स्वयंसेवी शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी आपल्या मुरबाडच्या सिद्धगडावर, हिराजी पाटलांसोबत, ते हुतात्मा झाले. गोदावरी परुळेकरही कायद्याच्या पदवीधर, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात घडलेल्या. जानेवारी १९४५ मध्ये इथून जवळच, टिटवाळ्याला, त्यांच्या किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्याला वारली बांधव गेले आणि तिथून परतल्यावर वेठ आणि लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणं, या प्रथांविरुद्ध सगळा मुलूख उठला. वकिलीचं शिक्षण त्या वेळी कोर्टात वापरलं गेलं, आणि त्याहून जास्त पाड्यावरच्या बैठकीत.

आज त्या लढ्याच्या जागी वनहक्क आले आहेत, आणि इथे मी जरा थांबणार आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्काचा दावा करायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. ग्रामसभा बोलवा, गणपूर्ती सांभाळा, १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडा, तिच्यात एक तृतीयांश बाया घ्या. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन शिवार फिरा. आपली देवराई कोणती, गुरं कुठे चरायची, मोहाची झाडं कुणाच्या आज्याच्या वेळची, नदीत मासे कुठे धरायचे, ते सगळं नकाशावर आणा. शेजारच्या गावाशी हद्दीवरून बोलणी करा. नमुना 'क' भरा, पुरावे जोडा, ठराव लिहा. प्रस्ताव उपविभागीय समितीकडे जाणार, तिथून जिल्हा समितीकडे. कुठेही एक सही राहिली की कागद परत. दावा मंजूर झाला की खरं काम सुरू, कारण आता त्या जंगलाचा आराखडा ग्रामसभेला करायचा आहे, बांबू विकायचा आहे, बँकेत खातं चालवायचं आहे, हिशेब वाचून दाखवायचा आहे. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने ग्रामसभांच्या बळावर काय होतं ते दाखवलं. वनविषयक मंजुरीआधीच सुरू झालेलं काळू धरणाचं काम २०१२ साली उच्च न्यायालयाने थांबवलं. त्यामागे ठराव, कागद आणि कायद्याची जाण होती. हे सगळं शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आमच्या तालुक्यात असावा, आणि त्यातले निम्मे तास त्या म्हाताऱ्यांनी घ्यावेत, ज्यांना शिवार पाठ आहे. त्या तासांचं मानधनही त्यांना प्राध्यापकांइतकंच मिळावं.

उच्च शिक्षण पाड्यापर्यंत पोचतं का, अशी शंका काही जण घेतात. त्यांना मी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं उदाहरण देतो. दोघेही डॉक्टर होते, तरी सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले. १९८४ साली परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. त्यांनी गावातल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू किती घटले ते काटेकोरपणे मोजलं आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. मोजलं होतं म्हणून सरकारला ते मानावं लागलं. आज डोळखांबची किंवा टोकावड्याची आशाताई वजनकाटा घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ-बाळंतिणीच्या घरी जाते, तिच्या पावलांमागे तो अभ्यास आहे. आमच्या आशाताईंपैकी कुणाला पुढे सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल, तर तिच्या इतक्या वर्षांच्या कामाला प्रवेशात वजन मिळायला नको का?

आता आमच्या मुलांच्या वाटेतले काटे. घरी ठाकरी नाहीतर कातकरी बोली, शाळेत मराठी, आणि प्रवेश परीक्षेत एकदम इंग्रजी किंवा हिंदी. टाटा संस्थेचे बहुतेक पदव्युत्तर प्रवेश २०२४ पासून सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतात. मुंबईच्या मुलाला तिची तयारी कशी करायची हे ठाऊक असतं. किन्हवलीच्या मुलीला बऱ्याचदा अशी परीक्षा आहे हेच मुदत संपल्यावर कळतं. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी 'स्वयंम' योजना आहे, परदेशी जाण्यासाठीही शासनाची मदत आहे. पण सांगणारं माणूस नसेल, तर या सगळ्या गोष्टी फाइलीतच राहतात. राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळमध्ये सुरू केलेली 'एकलव्य' नेमकं हेच काम करते. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना ती टाटा संस्थेसारख्या, अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी पोचवते. यवतमाळमध्ये होतं ते ठाणे जिल्ह्यात व्हायला हरकत कोणती? आम्ही दिवाळीपासून शहापूर आणि मुरबाडला दर रविवारी मार्गदर्शनाचा वर्ग भरवणार आहोत. तुमच्यापैकी प्रत्येकाने त्यातला एक रविवार द्यावा.

प्रवेश मिळाला तरी पुढे क्षेत्रकार्याचे, म्हणजे गावोगावी जाऊन प्रत्यक्ष काम शिकण्याचे, दिवस असतात. आठवड्यातले दोन दिवस स्वखर्चाने हिंडायचं. ज्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्याने भाड्याचे पैसे आणायचे कुठून? त्याला क्षेत्रकार्य आपल्याच तालुक्यात करू द्या आणि त्याचे पैसे द्या. अभ्यास झाल्यावर नोकरी मिळते, ती बहुतेक वेळा अकरा महिन्यांच्या करारावर. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं, त्यातून पुष्कळ पैसा आला. पण तो बहुधा प्रकल्पापुरता येतो आणि माणसालाही प्रकल्पापुरतंच ठेवतो. कार्यकर्ता गावाला जरा ओळखू लागला की त्याची मुदत संपते, दुसरा येतो, आणि पाड्याची पुन्हा पहिल्यापासून विचारपूस सुरू होते. निधी देणाऱ्यांनी पाच-सात वर्षांचा पगार एका माणसासाठी बांधून द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुदतीच्या कामातून संस्था चालवणारं नेतृत्व तयार होताना मी पाहिलेलं नाही.

आणखी एक. इथे झालेल्या प्रत्येक अभ्यासाचा सारांश मराठीत त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत राहावी. विद्यापीठांनी हा नियमच करावा.

तुमच्या मुक्कामाची व्यवस्था आश्रमशाळेत आणि काहींची गावातल्या घरांत केली आहे. जेवण बचत गटाच्या बायांनी रांधलं आहे, त्यात नव्या तांदळाचा भात आहे, नागलीची भाकरी आहे. काही उणं वाटलं तर हक्काने सांगा. नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ग्रामसभांनी स्वतः निवडलेले अभ्यासाचे विषय तिच्यात लिहिले आहेत : कुठली विहीर कधी आटते, भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळेतली हजेरी, कातकरी वाड्यांवरचे जातीचे दाखले, मंजूर जंगलातल्या बांबूचा आराखडा. दोन दिवसांत प्रत्येक महाविद्यालयाने त्यातला एक विषय घ्यावा, समोर आपलं नाव लिहावं, आणि येत्या वर्षी त्यावर काम करणाऱ्यांत निदान एक विद्यार्थी शहापूरचा किंवा मुरबाडचा असेल, असं तिथेच नोंदवावं. वही उद्या संध्याकाळी समारोपाच्या सत्रात वाचून दाखवली जाईल.