जुना चिमणराव, नवा चिमणराव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्याधर नगर, जयपूर येथे भरलेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी विनोदी मालिकांवर बोलणे काहींस थिल्लरपणाचे वाटेल. कार्यकारिणीने प्रथम आम्हांस ‘परप्रांतातील महाराष्ट्रीय : कर्तव्ये आणि जबाबदाऱ्या’ असा भारदस्त विषय सुचविला होता. त्या विषयावर आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे, आणि ऐकून घरी गेल्यावर आपण सर्वांनी दूरचित्रवाणीचा संच लावला आहे. तेव्हा आम्ही थेट त्या संचाकडेच वळतो.

प्रश्न असा की, एका पिढीने डोक्यावर घेतलेली विनोदी मालिका काही वर्षांनी नव्याने काढली, तर तिला मूळची सर येते काय? चहाच्या टेबलावर याचे उत्तर चटकन मिळते. ‘छे हो, ती मजा आता नाही!’ सरकारी नोकरीत तीस वर्षे काढल्यामुळे, ज्या प्रस्तावावर सर्वांचे एकमत होते त्याची फाईल पुन्हा एकदा उघडून पाहावी, अशी आम्हांस खोड लागली आहे.

विरुद्ध बाजूचा पुरावा आधी मांडतो, कारण तो भरभक्कम आहे. १९९४ साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली. मालिका हिंदी, पण तिच्यातला केशव कुलकर्णी आपलाच माणूस. ती भूमिका करणारे जतीन कनाकिया गुजराती आणि त्याची बायको कोकी म्हणजे आपल्या रीमा लागू. शेजारणीवर लुब्ध होणारे दोन शेजारी, एवढ्या एका धाग्यावर सगळा डोलारा उभा होता. २०१८ साली तेच नाव, तीच पात्रे आणि तीच शेजारपाजारची घरे घेऊन नव्या नटसंचाने ती मालिका पुन्हा निघाली, आणि त्याच वर्षी आटोपली. पुढची गंमत अशी की २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुनी ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखविली आणि लोकांनी ती हौसेने पाहिली. नवी संपून दोन वर्षे होत नाहीत तोच जुनी पुन्हा घरात शिरली!

नट नवे होते म्हणून ती पडली, असे कोणी म्हणेल. तर मग नट तेच घेऊन पाहू. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ २००४ साली आली. श्रीमंत, इंग्रजाळलेली सासू आणि काटकसरी मध्यमवर्गीय सून यांचे ते द्वंद्व. २०१७ साली तिचा दुसरा अवतार निघाला तेव्हा सतीश शाह, रत्ना पाठक शाह, आपले सुमीत राघवन, रूपाली गांगुली आणि राजेश कुमार हे सारे हजर होते. लेखक तेच आतिश कापडिया, दिग्दर्शक तेच देवेन भोजानी. मग उणे काय राहिले? आम्ही ती मालिका श्रद्धेने पाहिली आणि आम्हांस ती फिकी वाटली. पहिल्या वेळी लेखक एका घराकडे पाहत होता आणि त्या घरातील माणसांच्या खोडी त्याला सापडत होत्या. दुसऱ्या वेळी तो आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे पाहत होता. आपल्याला रोसेशची कविता हवी होती म्हणून कविता आली, मोनिशाची घासाघीस हवी होती म्हणून घासाघीस आली. मागितल्याबरोबर पानात पडणाऱ्या पदार्थाची चव एका घासात संपते.

आम्हां सरकारी माणसांस अधिक जवळचा दाखला विलायतेतला आहे. ‘येस मिनिस्टर’ १९८० साली बीबीसीवर सुरू झाली. मंत्र्याला ‘होय साहेब’ म्हणत म्हणत त्याच्याकडून नेमके उलटे करवून घेणारा तो सचिव आम्ही ज्या दिवशी प्रथम पाहिला, त्या दिवसापासून काही टिप्पण्या आम्हांस गंभीर चेहऱ्याने वाचता आलेल्या नाहीत. (कोणत्या, ते निवृत्तीनंतर सांगू.) २००१ साली तिचे हिंदी रूप ‘जी मंत्रीजी’ फारुख शेख यांना घेऊन आले, तेही आपल्यापैकी काहींना आठवत असेल. मूळच्या दोघा लेखकांनी, अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी, २०१० साली ‘येस प्राइम मिनिस्टर’ रंगभूमीवर नव्या नटांनिशी आणली, तेव्हा ती चांगली चालली. तीच २०१३ साली पडद्यावर आली आणि सहा भागांत थांबली. लेखक तेच, पात्रे तीच. मग रंगभूमीवर जे पचले ते पडद्यावर का पचू नये?

आम्हांस याचे कारण असे दिसते. रंगभूमीवर भूमिका नटाच्या नावावर कायमची चढत नाही. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’चे पातळ विजय चव्हाण नेसले आणि पुढे भरत जाधवही नेसले, पणशीकरांचा लखोबा लोखंडे डॉ. गिरीश ओक यांनीही उभा केला. तुलना झाली, नाके मुरडली गेली, पण ‘हे करूच नये’ असे कोणी म्हटले नाही. नाटक पडदा पडला की संपते. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यापासून पुन्हा करावेच लागते. चित्रित झालेली मालिका मात्र संपत नाही. तिच्यातले हसू तिथेच थिजून राहते, आणि आता तर ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आहे. नव्या नटाची स्पर्धा जुन्या नटाशी नसते. त्या कधीही म्हातारे न होणाऱ्या चित्राशी असते.

येथवर पुरावा ‘नाही’च्या बाजूने गेला. आता आमचा साक्षीदार बोलावतो, आणि तो साक्षात चिमणराव आहे.

मुंबई दूरदर्शनवर १९७७च्या सुमारास ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ सुरू झाली. चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. म्हणजे आपले मंडळ आणि हा चिमणराव जवळजवळ समवयस्कच. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वाड्यात संच एकच, कृष्णधवल. त्याच्यापुढे सतरंजीवर पंचवीस-तीस माणसे. एकदा दाखविलेला भाग पुन्हा पाहण्याची घरी कसलीही सोय नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो भाग सगळ्या वाड्यात तोंडी चाले. येथील ज्येष्ठ सभासदांस मात्र तेवढेही मिळाले नाही. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम जयपुरास दिसत नसत. आपल्यातील एका आजींनी आम्हांस सांगितले की, त्यांच्या पुण्याच्या बहिणीच्या आंतरदेशीय पत्रात कुशल-मंगलाच्या दोन ओळी आणि उरलेल्या जागेत, कडेच्या समासापर्यंत, चिमणरावाने काय केले ते लिहिलेले असे. तो चिमणराव त्यांनी पाहिला नाही, वाचला; आणि वाचून शेजारच्या मराठी घरात सांगितला. हेही एक प्रसारणच.

आमच्या पिढीच्या लेखी हा चिमणराव म्हणजे ‘मूळ’. पण तो मूळ होता काय? त्याच्या पुष्कळ आधी, १९४० साली, मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ काढला आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’. त्यांत चिमणराव होते दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दामुअण्णांच्या त्या तिरळ्या नजरेवर महाराष्ट्र लोळला होता. १९७७ साली आमच्या वाड्यातील एखादे आजोबा नक्कीच पुटपुटले असतील की, ‘हा पोरगा ठीक आहे, पण दामुअण्णा ते दामुअण्णा!’ म्हणजे ज्याला आम्ही मूळ समजून उराशी धरले, तोच मुळी पुनरवतार होता. आणि तो मूळच्या तोडीस उतरला. इतका की १९७९ साली याच जोडीला घेऊन विनय धुमाळे यांनी चित्रपट काढला. बाळ कर्वे २०२५च्या ऑगस्टमध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा घराघरांतून एकच उद्गार निघाला, ‘गुंड्याभाऊ गेले.’

हे कसे साधले? १९४०चे चित्रपट १९७७च्या प्रेक्षकासमोर रोज उभे नव्हते, हा नशिबाचा भाग झाला. पण खरे कारण आम्हांस वेगळे वाटते. प्रभावळकरांनी दामुअण्णांची नक्कल केली नाही, आणि कर्व्यांनी जोगांची केली नाही. ते चि. वि. जोशींकडे गेले. चिं. विं.च्या कथांत चिमणराव स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो. आपण भित्रे आहोत हे त्याला ठाऊक नसते, आपण व्यवहारी आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वाचकाला हसू येते ते या दोहोंमधल्या फटीतून. पडद्यावर ‘मी’ नसतो, तेव्हा ती फट चेहऱ्याने आणि देहबोलीने दाखवावी लागते, आणि तीही पूर्ण गांभीर्याने. चिमणराव स्वतः हसू लागला की संपला. प्रभावळकरांचा चिमणराव शेवटपर्यंत हसला नाही.

जाता जाता, परप्रांतीयांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या चिमणरावात अस्सल पुणेरीपणा आपण पाहतो, त्याचे जनक चि. वि. जोशी जन्माने पुण्याचे खरे, पण आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी बडोद्यास काढली. तेथे ते पालीचे प्राध्यापक होते. संस्थानच्या दप्तरखात्याचे कामही त्यांनी पाहिले. काऊ, मोरू आणि मैनेचे ते घर त्यांनी बऱ्याच अंतरावरून न्याहाळले आहे. पुण्याला पुणे इतके स्पष्ट दिसत नाही, असे आमचे जुने मत आहे. पुणेकर सभासदांनी क्षमा करावी.

प्रभावळकरांच्याच बाबतीत पुढे आणखी एक नवल घडले. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी आली आणि केबलच्या तारेवरून मराठी प्रथमच जयपूरच्या दिवाणखान्यात रोज ऐकू येऊ लागली. २००१ साली तिच्यावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन आणि प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’चा आधार. एकेकाळचा चिमणराव आता आबा आजोबा होऊन खुर्चीत बसला होता, आणि घरात शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. नाव वेगळे, काळ वेगळा, एकही जुना विनोद नाही. पण तेच मध्यमवर्गीय घर, तेच लहान संकट आणि त्याची तीच मोठी चर्चा! जाहिरात न करता झालेले हे आमच्या मते सर्वांत यशस्वी पुनरुज्जीवन.

आपण बसलो आहोत ती वसाहतही थोडी याच जातीची आहे. १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसविलेल्या जयपूरच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा हात होता. त्यांचे नाव या नगराला आहे. १९८०च्या दशकात याचा आराखडा केला बाळकृष्ण दोशी यांनी, आणि ते जन्माने पुण्याचे. दोशींनी येथे दुसरा हवामहल बांधा असे सुचविले नाही. जुन्या शहरात सावली कशी पडते, माणूस पायी किती चालतो, चौकात कसा थांबतो, हे त्यांनी तेथून घेतले. आराखड्यातले पुष्कळसे कागदावरच राहिले, ते येथील रहिवाशांस आम्ही सांगावयास नको. पण जुन्यापासून काय घ्यावे याचा वस्तुपाठ तो होताच.

आता आपल्या घरचा विषय. यंदाच्या गणेशोत्सवात मुलांनी चिमणरावाची एक कथा नाट्यरूपाने बसवावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे आणि त्यावर मतभेद आहेत, हे उघड गुपित आहे. एक पक्ष म्हणतो, मुलांच्या तोंडी ते मराठी शोभणार नाही. त्यापेक्षा जुने चित्रण मोठ्या पडद्यावर लावावे आणि सर्वांनी मिळून पाहावे. ज्येष्ठांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या घरीच नातवंडाच्या वयाची भाची ‘मी जेवण खाऊन घेतलं’ असे म्हणते. ‘जेवले’ हा एक शब्द पुरतो, हे तिला कोणी सांगितलेच नाही. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळताना मारवाडी वळणाची हिंदी, मराठी केवळ आजीच्या फोनवर. अशा मुलाने चिमणराव केला तर प्रभावळकरांची आठवण होऊन आपल्याला वाईट वाटेल, हे अगदी खरे.

परंतु चित्रण लावले तर मुले काय करतील? दहा मिनिटे पाहतील आणि बाहेर खेळायला जातील. चित्रणात त्यांना करण्यासारखे काही नाही, ते आधीच कोणी करून ठेवले आहे. कथेत मात्र आहे. ‘जेवण खाल्लं’ म्हणणाऱ्या मुलीला काऊची भूमिका द्या. महिनाभराच्या तालमीत ‘जेवले’ तिच्या तोंडी बसेल, आणि बसताना ती चार वेळा विचारील की असे का म्हणतात. तो प्रश्न पडद्यापुढे बसून कोणी विचारत नाही. म्हणून आमचे मत प्रस्तावाच्या बाजूने आहे, एका अटीवर. मुलांना जुनी मालिका तालमी संपेपर्यंत दाखवू नये. त्यांच्या हाती पुस्तक द्यावे. चिमणराव कसा चालतो, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे; तो सी-स्कीममध्ये रिक्षा करतो आणि भाड्यावरून हुज्जत घालताना अर्धे हिंदी बोलतो असे त्यांना सुचले, तर आपण घसा खाकरू नये.

मंडळाच्या कपाटात ‘चिमणरावांचे चऱ्हाट’च्या दोन प्रती आहेत. एकीची शेवटची पाने गळाली आहेत, दुसरी एका सभासदांकडे बरेच दिवस वाचावयास गेली आहे; त्यांनी ती आणून द्यावी, दंड आकारला जाणार नाही. वाचनाची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येथेच होईल. चिमणरावासाठी चौघांनी नावे दिली आहेत. गुंड्याभाऊसाठी अद्याप कोणी पुढे आलेले नाही; मुलगा धिप्पाड असावा, आवाज मोठा असावा, आणि सोटा घरून आणावा.