वसंतराव नाईक : कृषी धोरणाचा जमाखर्च

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे कृषिदिनाच्या शेतकरी मेळाव्यात झालेले भाषण)



१ जुलै हा कै. वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस. राज्यात तो कृषिदिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या ज्या विद्यापीठात मी शिकवतो, त्यास २०१३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा त्यांचा गौरव करणे मला सोपे आहे. परंतु हंगाम संपल्यावर आपण जमा आणि खर्च दोन्ही मांडतो. जमीन आणि पाणी यांच्या बाजूने तसाच हिशेब त्यांच्या धोरणाचाही मांडला पाहिजे.

जमेची बाजू

नाईकसाहेब डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्या वेळी देशाला अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हावर दिवस काढावे लागत. १९६५ मध्ये पुण्यात त्यांनी जाहीर सांगितले की, दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. असे बोलायला छाती लागते. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि त्याच वर्षी जालन्यात महिको कंपनी सुरू झाली. पुढे जालन्याचे नाव बियाण्यासाठी देशभर झाले. राज्यातील चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो हातांना काम दिले. पाझर तलाव, नालाबांध आणि बांधबंदिस्ती ही त्यातली महत्त्वाची कामे होत. जलप्रदूषण रोखणारा राज्याचा कायदा १९६९ चा. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये झाला. ही बाब सहसा सांगितली जात नाही.

खर्चाची बाजू

पहिला खर्च मातीचा. संकरित ज्वारी बुटकी आणि लवकर येणारी. धान्य वाढले, परंतु गावरान ज्वारीच्या मानाने कडबा कमी पडला. कडबा घटला की जनावरे घटतात, जनावरे घटली की शेणखत घटते, आणि मग पिकाची सारी भिस्त खताच्या गोणीवर येते. लवकर निसवणारी कणसे पावसात सापडून दाणे काळे पडू लागले, ते वेगळेच. रब्बीत मालदांडीची जागा मात्र संकरित वाणांना घेता आली नाही.

दुसरा खर्च बांधांचा. समपातळी बांध हलक्या व मध्यम जमिनीत उपयोगी ठरले. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाशी पाणी साचून पीक पिवळे पडले, उन्हाळ्यात भेगा पडून बांध फुटले. अशा जमिनीस ढाळीचे बांधच हवेत. एकच नकाशा सर्व रानांवर लावल्याने हे झाले.

तिसरा खर्च पाण्याचा, आणि तो सर्वांत मोठा. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी घेतल्या, ते योग्यच होते. इंडिया मार्क-२ हातपंपाची सुरुवात ज्या पंपापासून झाली, तो 'जालना पंप' आपल्याच जिल्ह्यातला. परंतु हातपंपाच्या जागी विद्युत मोटार बसली आणि तेच पाणी शेतीला लागले. आपल्या खाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल गेल्याने साठा वाढत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी तेवढे आपल्याकडे येते. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या आपण पाहिल्या आहेत.

निवाडा

उपाशी माणसाला धान्य देणाऱ्या निर्णयास आजच्या भरल्या पोटी दोष देणे न्यायाचे नाही. मात्र धान्याचे उद्दिष्ट गाठल्यावर माती व पाण्याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था त्याच नेटाने उभी राहिली नाही, ही त्या धोरणाची उणीव होय. आणि १९७५ नंतर जे झाले, ते सारे त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही. बोअरवर बोअर घेणारे आपणच आहोत.

आता काय करावे

१. एक एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. भर वाढीच्या मिरचीस दिवसाला ५ मि.मी. पाणी धरले, तर एकरी रोज २०,००० लिटर लागते. उन्हाळी लागवडीपूर्वी आपली विहीर तेवढे देते का, ते मोजा आणि मगच क्षेत्र ठरवा.

२. मिरचीस ठिबक व आच्छादन वापरा. नवीन बोअरपेक्षा हा खर्च बरा.

३. माती परीक्षणाशिवाय खत देऊ नका. पिकाचे अवशेष जाळू नका, ते कुजवा.

४. फुलकिडे व चुरडा-मुरडा दिसताच औषधावर औषध मारू नका. निळे-पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क वापरा आणि एकाच गटातील कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारू नका.

५. पाझर तलावातील गाळ काढून हलक्या रानात टाका. तलाव खोल होतो, रानही सुधारते.

६. दिवाळीनंतर ग्रामसभेत गावच्या विहिरींची पाणीपातळी वाचून दाखवा आणि रब्बी व उन्हाळी पिके त्यावरून ठरवा.

नाईकसाहेबांनी दोन वर्षांची मुदत स्वतःवर घेतली होती. पिंपळगावकरांनीही तशीच मुदत घ्यावी : दोन वर्षे गावात शेतीसाठी नवीन बोअर नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरींची पातळी मोजा, म्हणजे या निश्चयाचा जमाखर्च आपोआप समोर येईल.