शेजारणीचा बांध



ज्युबिलीनिमित्त देवालयास नवा रंग लागला, ह्याचा मला आनंद आहे. परंतु शेजारी कोणास म्हणावे, असे शास्त्र्याने विचारिले तेव्हा प्रभूने यरीहोच्या वाटेवरील जखमी माणसाची गोष्ट सांगितली. आणि त्यास पाहून बगल देणारा पहिला मनुष्य याजक होता. आम्हां धर्मगुरूंस हे दरवेळी टोचते.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या व निराधार मुलींस सोबत घेऊन गेल्या. आपला गोंदियाचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. म्हणून त्यांच्यापासून शिकण्यास संकोच कशाला?

आज तसा दुष्काळ नाही. पण पाऊस लांबला की रोवणीस सर्वांना एकदमच मजूर हवे असतात, आणि जिच्याजवळ रोख पैसा नाही त्या विधवेचे पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडतात. पऱ्ह्यांचे वय उलटले की धानास फुटवे कमी येतात. तिच्यासाठी आपण नोव्हेना करितो. तिच्या बांधावर मात्र जात नाही!

येत्या रोवणीत प्रत्येक घराने एक दिवस अशा शेतास द्यावा, मग ते ख्रिस्त्याचे असो वा नसो. नावे मिस्सेनंतर मजकडे द्यावीत. शिदोरी आपापली न्यावी. तिच्या चुलीवर भार नको.