विश्वाला फुगवणारी अदृश्य ऊर्जा
(गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी विज्ञान ऐकवणे म्हणजे तुमच्या संयमाची परीक्षाच! म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे. पण गुरुत्वाकर्षण तर सर्वांना एकमेकांकडे ओढते; तेव्हा हे प्रसरण हळूहळू मंदावत असणार, अशी बहुतेकांची समजूत होती. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या सुपरनोव्हांचे मोजमाप केले. ते अपेक्षेपेक्षा फिकट, म्हणजेच अधिक दूर निघाले. प्रसरणाचा वेग वाढतो आहे! या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले.

हा वेग वाढवणाऱ्या अज्ञात कारणाला 'कृष्ण ऊर्जा' म्हणतात. विश्वाचा सुमारे ७० टक्के भाग तिचा. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या पदार्थाचा जेमतेम ५ टक्के.

गुळाच्या पाण्यात पाणी ओतत गेलो की गोडी कमी होते. विश्व फुगते तसे पदार्थाचेही होते, तो विरळ होतो. पण कितीही पाणी ओतले तरी गोडी तेवढीच राहिली तर? आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेला वैश्विक स्थिरांक तसाच आहे. म्हणून पदार्थ विरळ झाल्यावर शेवटी त्याचेच राज्य येते.

पण ही गोडी खरोखर स्थिर आहे, की काळानुसार बदलते? या प्रश्नाचे एक सूत्र आपल्या जवळचे आहे. पुण्याच्या आयुकातील टी. पद्मनाभन आणि त्या वेळी अलाहाबादला असलेले एच. के. जस्सल व जे. एस. बागला यांनी २००५ मध्ये ते मांडले. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते 'जेबीपी' म्हणून ओळखले जाते. त्यात कृष्ण ऊर्जेचा दाब आणि घनता यांचे गुणोत्तर आज आणि अतिप्राचीन काळी सारखे असते, मधल्या काळात वेगळे असू शकते. जस्सल आणि बागला पुढे आपल्या शेजारच्या मोहालीतील आयसरमध्ये आले. पुणे आणि चंदीगड यांचा हा धागा आपल्यासारख्यांना जवळचा वाटणारच.

आयुका उभारणारे डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी तर मुळावरच प्रश्न विचारला : सुपरनोव्हा फिकट दिसतात ते अवकाशातील धातूच्या सूक्ष्म तंतूंच्या धुळीमुळे तर नव्हे? बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटले नाही. पण प्रवाहाविरुद्ध विचारलेल्या प्रश्नामुळे बाकीच्यांना आपला पुरावा पुन्हा तपासावा लागतो.

आणि तशी वेळ पुन्हा आली आहे. अमेरिकेतील 'डेसी' प्रकल्पाने सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या मोजणीवरून २०२५ मध्ये संकेत दिले, की कृष्ण ऊर्जा कालांतराने क्षीण होत असावी. शोध म्हणून जाहीर करण्याइतका भक्कम पुरावा त्यांच्याकडे तेव्हा नव्हता. पण हे खरे ठरले तर स्थिरांक पुरेसा ठरणार नाही, आणि 'जेबीपी'सारख्या सूत्रांची गरज भासेल.

बुद्धीच्या देवतेसमोर बसलो आहोत. तेव्हा घरातल्या मुलाने "आकाश कशात फुगतं?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' असे म्हणा. विज्ञान तिथूनच सुरू होते.

गणपती बाप्पा मोरया!