परिचारिका आणि औषधाची मात्रा

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकीं परिचारकाच्या अंगीं जे चार गुण असावेत, त्यांत उपचारांचें ज्ञान, दक्षता, प्रेम आणि शुचिता यांची गणना केली आहे. शुश्रूषा म्हटली कीं लोकांना प्रेम आणि शुचिता आठवतात. ज्ञानाची आठवण क्वचितच होते. परंतु त्या यादींत ज्ञानाचेंच स्थान पहिलें आहे. परिचर्येच्या विद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना औषधविज्ञान हा विषय कां शिकावा लागतो, याचें उत्तर या क्रमांतच मिळतें.

'डॉक्टरानें लिहून द्यावें आणि परिचारिकेनें पाजावें, यांत शिकण्यासारखें तें काय?' असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित मंडळीहि करितात. या प्रश्नाचा विचार एखाद्या औषधाचें उदाहरण घेऊन केलेला बरा.

इंग्लंडांत फॉक्सग्लव्ह नांवाचें, जांभळ्या घंटेसारख्या फुलांचें एक रोपटें आहे. १७७५ सालीं विल्यम विदरिंग या डॉक्टराच्या कानीं श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती, गुप्त औषधाची वार्ता आली. अंगांत पाणी सांठून सुजलेले व डॉक्टरांनीं हात टेकलेले रोगीहि त्या औषधानें कधीं कधीं बरे होत. त्यांत वीस किंवा त्याहून अधिक वनस्पति होत्या. विदरिंग हा वनस्पतींचा चांगला जाणकार होता. गुण त्यांतील फॉक्सग्लव्हचा आहे हें त्यानें ओळखलें, पुढें दहा वर्षें रोग्यांच्या नोंदी ठेविल्या आणि १७८५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. औषध किती द्यावें, याबरोबरच कोणतीं लक्षणें दिसूं लागतांच तें थांबवावें, हेंहि त्यानें सांगितलें. त्या ग्रंथाचें खरें मोल येथें आहे. कारण या वनस्पतींत औषध आणि विष यांमधील अंतर फार थोडें आहे. आपल्याकडे देवळाच्या आवारांत आढळणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत याच जातीचें द्रव्य असतें, व त्या बिया पोटांत गेल्यानें माणसें दगावतात.

१९३० सालीं फॉक्सग्लव्हच्याच एका भावंड जातीच्या पानांतून डिजॉक्सिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. हृदयाच्या पेशींत सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आंत घेणारी एक यंत्रणा असते. तिला तें अडवितें. त्यामुळें पेशींत कॅल्शियम वाढतें आणि हृदयाचें आकुंचन अधिक जोरानें होतें. त्याबरोबरच ठोक्यांची गतिहि मंदावते. हृदयाची गति अनियमित व जलद झाली असतां, किंवा हृदय दुर्बळ झालें असतां, कांहीं रोग्यांना हें औषध आजहि देण्यांत येतें.

आतां डॉक्टरानें सकाळीं ०.२५ मिलिग्रॅमची गोळी लिहिली आहे असें समजा. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पांच गोष्टी पडताळून परिचारिका खाटेपाशीं जाते. प्रथम छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ती पुरें एक मिनिट ठोके मोजते. पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची सोय येथें चालत नाहीं. ठोके अनियमित असले कीं हा गुणाकार फसवितो. प्रौढ माणसाचे ठोके साठाहून कमी भरले, तर गोळी न देतां डॉक्टरास कळवावें, असा सामान्य नियम तिला शिकविलेला असतो.

परंतु नियम पाठ असणें पुरेसें नाहीं. ठोके ६८ भरले. मात्र रोग्यानें दोन दिवस जेवणाचें ताट तसेंच परत पाठविलें आहे, त्याला मळमळतें, आणि भिंती पिवळ्या दिसतात असें तो म्हणतो. नुसता नियम जाणणारी मुलगी अशा वेळीं गोळी देऊन मोकळी होईल. औषध जाणणारी मुलगी थांबेल. कारण हीं विषबाधेचीं लक्षणें असूं शकतात हें तिला ठाऊक आहे. त्याच रोग्यास लघवी वाढविणारें फ्युरोसेमाइड चालूं असेल, तर त्याच्या अंगांतील पोटॅशियम कमी होऊन डिजॉक्सिनचा प्रभाव घातक ठरण्याचा संभव वाढतो. मूत्रपिंडें थकलेल्या वृद्धाच्या शरीरांतून हें औषध लवकर बाहेर पडत नाहीं. रोजची तीच गोळी आंत सांचत जाते. सकाळीं लिहिलेली मात्रा सकाळीं बरोबरच होती. संध्याकाळपर्यंत रोग्यांत जो पालट झाला, तो पाहण्यास त्याच्याजवळ परिचारिकाच असते.

दुसरें उदाहरण हिशेबाचें आहे. भारतांत इन्शुलिनच्या कांहीं बाटल्यांत दर मिलिलिटरास ४० युनिट, तर कांहींत १०० युनिट औषध असतें. त्यांच्या सिरिंजाहि वेगळ्या. ४० च्या सिरिंजेची टोपी तांबडी, १०० ची नारिंगी. शंभरच्या बाटलींतील औषध चाळिसाच्या सिरिंजेंत विसाच्या खुणेपर्यंत ओढलें, तर डोळ्यांना २० दिसतात आणि रोग्याच्या अंगांत ५० युनिट जातात. रक्तांतील साखर उतरते, घाम सुटतो, हात कापूं लागतात, शुद्ध हरपते. वेळेवर उपाय न झाल्यास प्राणावर बेततें. चाळिसाच्या सिरिंजेंतील वीस खुणा म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि शंभराचें अर्धें पन्नास. शाळेंत ज्या त्रैराशिकाचा कंटाळा येतो, तेंच येथें एखाद्याचा जीव राखतें.

१९४७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांत औषधविज्ञानाला स्थान आहे तें यासाठीं. विद्यार्थिनीनें औषधांच्या नांवांची माळ घोकून परीक्षा पार पाडली, तर तिचें ज्ञान निकालाच्या दिवशींच संपेल. प्रत्येक औषधाविषयीं तें शरीरांत काय करितें, कोणत्या वाटेनें बाहेर पडतें, अधिक झाल्यास प्रथम कोणतें लक्षण दिसतें, आणि देण्यापूर्वीं काय पाहावयाचें, एवढे चार प्रश्न तिनें स्वतःस विचारावेत. उत्तर येत नसेल तर औषध देण्यापूर्वीं विचारून घ्यावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

कुटुंबांतील मंडळींनींहि येथें आपलें कर्तव्य ओळखावें. नाडी पाहून परिचारिका गोळी परत नेते, तेव्हां 'डॉक्टरांनीं लिहिलेलें औषध देत नाहीं' म्हणून नातेवाईक तिच्यावर रागावतात. त्यांनीं रागावण्यापूर्वीं कारण विचारावें. डॉक्टरांनींहि रात्रीं अपरात्रीं आलेली तिची शंका उद्धटपणा मानूं नये. जेथें तिला प्रश्न विचारण्याचें भय वाटतें, तेथें तिचें ज्ञान असून नसल्यासारखें होतें, आणि त्याची किंमत खाटेवर निजलेल्या माणसास द्यावी लागते.