निरोपापूर्वीचे दिवस
(रुग्णांच्या नातेवाइकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लातूर परिसरात वियोगाविषयी बोलू लागले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्याखेरीज राहत नाही. गणेशविसर्जन आटोपून निजलेली किल्लारी आणि भोवतालची गावे चारच्या सुमारास जमीनदोस्त झाली. ज्यांचे आईवडील त्या पहाटे गेले, त्यांना अखेरचा एक शब्दही बोलता आला नाही. आज आमच्यासमोर बसलेल्यांची व्यथा याच्या उलट आहे. तुम्हाला वेळ मिळाला आहे, आणि तो वेळच सोसवत नाही.

मृत्यूनंतरच्या दुःखाची आपल्या समाजाने व्यवस्था लावून दिली आहे. शेजारून पिठलेभाकरी येते, भावकी जमते, ज्याच्या-त्याच्या रीतीने दहावा, तेरावा, चाळिसावा होतो. परंतु आजार बरा होणार नाही असे कळल्यापासूनचे महिने मात्र कुटुंबाने एकट्यानेच काढायचे असतात. माणूस घरात असताना डोळ्यांतून पाणी काढणेही अशुभ मानतात.

या आगाऊ दुःखाचा उल्लेख एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ साली केला. बोस्टन शहरातील एका नृत्यगृहाला १९४२ च्या नोव्हेंबरात लागलेल्या आगीत पाचशेच्या जवळपास माणसे दगावली होती. त्यांच्या आप्तांचा अभ्यास करून त्याने शोकावर निबंध लिहिला. त्याच निबंधात त्याने युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरांविषयीही लिहिले. सैनिक मरणारच, या धास्तीने घरच्यांनी त्याचा शोक आधीच पुरता करून टाकला होता. तो सुखरूप परतला, तेव्हा पत्नीच्या मनात त्याला जागाच उरली नव्हती.

हे दूरदेशीचे वाटेल. पण आमच्या वॉर्डात आम्ही हेच पाहतो. सुरुवातीला मुलगा जिवाचे रान करतो. लातूरहून बार्शी, नांदेडहून हैदराबाद, देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईचे टाटा रुग्णालय, सारे होते. पुढे उपचार नाहीत असे कळल्यावर तोच मुलगा खाटेपाशी पाच मिनिटे उभा राहतो, सलाईनची चौकशी करतो आणि निघून जातो. लोक त्याला निष्ठुर म्हणतात. तो निष्ठुर नसतो. त्याने मनातल्या मनात निरोप घेऊन टाकलेला असतो. वडील मात्र अजून तेथेच असतात.

रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या लेकीसुनांचे दुःख आणखी निराळे. ‘आता सुटावेत’ असा विचार मनाला शिवतो आणि त्या स्वतःला पापी समजू लागतात. भगिनींनो, ही इच्छा वेदना संपावी म्हणून असते, माणूस संपावा म्हणून नव्हे. वेदना आटोक्यात आल्या की ती पुष्कळदा आपोआप मावळते, असा आमचा अनुभव आहे. मॉर्फिनची गोळी म्हणजे शेवट जवळ आला, हा समजही सोडावा. डॉक्टरांनी बेताने दिलेल्या मात्रेने रुग्ण निवांत झोपतो, चार घास खातो, बोलतो. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन या औषधाचे परवाने सुलभ झाले आहेत. मनातली भीती तेवढी अजून गेलेली नाही.

राहता राहिली लपवाछपवी. ‘आबांना काही सांगू नका’ अशी विनंती आम्हाला जवळजवळ रोज होते. तीमागे प्रेमच असते, म्हणून आम्ही कोणाला दोष देत नाही. तरीही आमचे मत सांगतो : बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. तेही मुलांसाठी नाटक करीत असतात आणि दोन्ही बाजू एकट्या पडतात.

एका शेतकरी गृहस्थांच्या घरी असेच चालले होते. ‘पोटात गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल’ असे मुलाने त्यांना सांगितले होते. एके सायंकाळी ते शांतपणे म्हणाले, “बार्शीला नेलंस तेव्हा फाटकावरची पाटी वाचली मी. चौथीपर्यंत शिकलोय की.” मुलगा खाली मान घालून बसला. मग प्रथमच तो उठून गेला नाही. सोयाबीनचा भाव, विहिरीवरची मोटार, सातबाऱ्यावर धाकट्या बहिणीचे नाव, अशा गोष्टी तासभर चालल्या. मध्येच दोघे रडले, आणि पुन्हा मोटारीविषयी बोलू लागले. त्यानंतर वडील अकरा दिवस होते. मुलगा रोज येत असे.